जेनेसीची घळ : एका राज्य उद्यानाची पूर्वपीठिका

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, जेनेसी नदीच्या दोन्ही काठांना धरून सुमारे १७ मैल, म्हणजे २७ किलोमीटर लांबीचा जो वनप्रदेश आज लेचवर्थ स्टेट पार्क म्हणून ओळखला जातो, त्याचे क्षेत्रफळ १४ हजार एकरांहून अधिक आहे. तीन मोठे धबधबे, साडेपाचशे फुटांहून खोल जाणारी घळ, तंबू टाकून राहण्याची सोय आणि शरद ऋतूत लाल-पिवळी होणारी झाडी यांसाठी तेथे दरवर्षी मोठ्या संख्येने प्रवासी येतात. स्टेट पार्क म्हणजे केंद्र सरकारच्या नव्हे, तर त्या-त्या घटक राज्याच्या मालकीचे व व्यवस्थापनाखालील सार्वजनिक उद्यान. त्यात निसर्गरक्षण आणि लोकांची करमणूक हे दोन्ही हेतू एकत्र नांदतात आणि प्रसंगी एकमेकांच्या आड येतात. येणाऱ्या प्रवाशाला समोरचे दृश्य मानवी हस्तक्षेपापासून कसेबसे वाचलेले आदिम अरण्य वाटते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. या घळीत शेती झाली, गावे जळाली, जमिनीचे करार झाले, जंगल कापले गेले, कालवा आणि रेल्वे आली, विजेसाठी धरणाची योजना आखली गेली आणि अखेर पुरासाठी धरण उभेही राहिले. आज दिसणारे रान या सर्व व्यवहारांनंतर, आणि बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच, तेथे आहे.

घळ स्वतः भूशास्त्रीय मापाने तरुण आहे. जेनेसी नदी पेनसिल्व्हेनियातील पॉटर परगण्यात उगम पावून उत्तरेकडे वाहते आणि रोचेस्टर शहरातून पुढे ऑन्टारियो सरोवराला मिळते. शेवटच्या हिमयुगापूर्वी तिचे पात्र याहून रुंद व वेगळ्या दरीतून जात असे. हिमनद्या मागे हटताना त्यांनी वाहून आणलेल्या माती-दगडांचे प्रचंड ढिगारे, ज्यांना भूशास्त्रात हिमोढ म्हणतात, त्या जुन्या दरीत अडकून राहिले. वाट बुजल्यामुळे नदीने पोर्टेजव्हिल गावाजवळ नवी वाट शोधली आणि डेव्होनियन काळातील, म्हणजे पस्तीस कोटी वर्षांहून जुन्या, शेल व वालुकाश्म यांच्या थरांतून ती स्वतःला कापत खाली उतरली. शेल हा चिखल घट्ट होऊन बनलेला, पापुद्र्यांसारखा सुटणारा दगड असल्यामुळे तो लवकर झिजतो, आणि त्यावरचा टणक वालुकाश्म पुढे लटकत राहून शेवटी कोसळतो. तीन धबधबे याच कारणाने निर्माण झाले, आणि याच कारणाने ते हळूहळू मागे सरकत आहेत. मधला धबधबा १०७ फूट उंच असून सर्वांत भव्य मानला जातो. शेलचा हा ठिसूळपणा पुढे मानवी इतिहासातही वारंवार आडवा आला.

युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वी आणि नंतरही दीर्घकाळ हे खोरे सेनेका लोकांचे होते. हौडेनोशौनी, ज्यांना इंग्रज व फ्रेंच लेखक इरोक्वॉय म्हणत, त्या सहा राष्ट्रांच्या संघात सेनेका हे सर्वांत पश्चिमेकडचे राष्ट्र होते आणि संघाच्या पश्चिम दाराचे रक्षण करण्याची जबाबदारी परंपरेने त्यांच्याकडे होती. त्यांची कुळे आईकडून चालत, शेते स्त्रियांच्या ताब्यात असत, आणि मका, घेवडा व भोपळा ही पिके नदीकाठच्या सपाट गाळाच्या जमिनीत एकत्र घेतली जात. घळीच्या कड्यांवर शेती शक्य नव्हती. पण तिच्या तळाशी जेथे नदी रुंद होऊन वळते, तेथे गाळाचे सुपीक तुकडे तयार झाले होते. त्यांपैकी गार्डो नावाचा तुकडा या कथेच्या मध्यभागी येतो.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हौडेनोशौनी संघात फूट पडली आणि सेनेकांनी ब्रिटिशांची बाजू घेतली. त्यांच्या सरहद्दीवरील हल्ल्यांना उत्तर म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७९ मध्ये जनरल जॉन सलिव्हन यांच्या नेतृत्वाखाली सैन्य पाठवले, आणि त्याला लढाई जिंकण्याइतकेच वस्त्या व पिके नष्ट करण्याचेही काम दिले. सप्टेंबरमध्ये हे सैन्य जेनेसीच्या काठावरील लिटल बियर्ड्स टाउन या मोठ्या सेनेका गावापर्यंत पोहोचले. हे गाव आजच्या उद्यानाच्या उत्तर टोकापासून फार दूर नव्हते. तेथील घरे जाळली गेली, उभा मका तोडून आगीत टाकला गेला, आणि मोहीम परतली तेव्हा सुमारे चाळीस वस्त्या उद्ध्वस्त झालेल्या होत्या. लोक आधीच निघून गेल्यामुळे माणसे तुलनेने कमी मेली. परंतु पुढचा हिवाळा असाधारण कडक ठरला आणि अन्नाविना उरलेल्या सेनेकांची जी दैना झाली, ती या मोहिमेचा हिशेब मांडताना सोडून देता येत नाही.

त्या गावातून बाहेर पडलेल्यांत मेरी जेमिसन ही स्त्री होती. तिचे आईवडील आयर्लंडमधून निघाले असताना १७४३ च्या सुमारास समुद्रप्रवासात जहाजावरच तिचा जन्म झाला. पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवर तिचे कुटुंब शेती करत असे. १७५८ मध्ये, फ्रेंच आणि ब्रिटिश यांच्यातील युद्ध चालू असताना, शॉनी व फ्रेंच टोळीने तिला पकडले, तिच्या आईवडिलांना व भावंडांपैकी काहींना ठार केले, आणि तिला दोन सेनेका बहिणींच्या हवाली केले. या बहिणींचा भाऊ युद्धात मारला गेला होता, आणि गमावलेल्या माणसाच्या जागी बंदिवानाला दत्तक घेऊन कुटुंब पूर्ण करण्याची हौडेनोशौनी लोकांची जुनी रीत होती. मेरी त्या रीतीने सेनेका झाली. तिचा पहिला पती डेलावेअर जमातीचा होता; त्याच्या मृत्यूनंतर तिने हियोकाटू या सेनेका योद्ध्याशी लग्न केले, आणि परत जाण्याची संधी मिळूनही ती गोऱ्या समाजात परतली नाही. आपल्या मिश्र रक्ताच्या मुलांना तेथे मान मिळणार नाही, हे तिने दिलेले एक कारण होते, आणि त्या काळाचा विचार करता ते पूर्णपणे व्यवहारी होते.

सैन्य निघून गेल्यावर तिने गावी परत येऊन पाहिले, तेव्हा एका मुलाचे पोट भरेल एवढेही तेथे शिल्लक नव्हते. दोन मुले पाठीवर घेऊन आणि तिघांना मागून चालवत ती नदीच्या वरच्या अंगाला गार्डोपर्यंत गेली. तेथे मालकांकडून पळून आलेले दोन कृष्णवर्णीय गुलाम स्वतःची शेती करून राहत होते आणि त्यांचा मका काढणीला आला होता. तिने कणसे सोलण्याचे काम पत्करले आणि मोबदल्यात मक्याचा वाटा घेतला, ज्यावर तिच्या कुटुंबाने तो हिवाळा काढला. त्या दोघांपैकी एकजण, ‘इंडियन’ लोक तिला पळवून नेतील किंवा इजा करतील या भीतीने, ती कणसे सोलत असताना भरलेली बंदूक घेऊन शेजारी उभा राहत असे. स्वतः सेनेका झालेल्या या स्त्रीला पुढे कित्येक वर्षे या पहाऱ्याचे हसू येत असे, कारण पहारा देण्यात त्याचे स्वतःचे तेवढेच काम बुडत होते. पळालेले गुलाम, दत्तक घेतलेली गोरी बंदिवान आणि जळालेल्या गावातील मुले अशा माणसांची ही वस्ती अमेरिकेच्या सरहद्दीबद्दलच्या रूढ चित्रात बसत नाही. हिवाळ्यात पाच फुटांपर्यंत बर्फ साचले आणि शिकारीची जनावरे मोठ्या प्रमाणात मेली, अशीही आठवण तिने सांगितली.

हा सर्व तपशील आज उपलब्ध आहे, कारण १८२३ मध्ये जेम्स सीव्हर या स्थानिक लेखकाने वृद्ध मेरी जेमिसनची तीन दिवस मुलाखत घेतली आणि दुसऱ्या वर्षी तिचे चरित्र छापले. तिला स्वतः लिहिता-वाचता येत नव्हते, आणि सीव्हर यांचा सूर जागोजागी प्रवचनाकडे झुकतो. म्हणून पुस्तकातील कोणते मत तिचे आणि कोणते त्याचे हे वेगळे करणे इतिहासकारांना अवघड जाते. पुस्तक मात्र त्या काळात अतिशय खपले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

सेनेकांची भूमी त्यांच्या हातातून गेली ती लढाईने नव्हे, करारांनी. १७९७ मध्ये जेनेसीच्या काठावर बिग ट्री येथे झालेल्या तहात त्यांनी पश्चिम न्यूयॉर्कमधील आपली जवळजवळ सर्व जमीन रॉबर्ट मॉरिस या भांडवलदाराला एक लाख डॉलरला विकली. मॉरिस हे स्वातंत्र्ययुद्धाला पैसा उभा करून देणारे गृहस्थ होते. परंतु जमिनीच्या सट्ट्यात ते इतके बुडाले होते की पुढच्याच वर्षी कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. वाटाघाटी त्यांचा मुलगा टॉमस याने केल्या. रेड जॅकेट या प्रसिद्ध वक्त्या सरदाराने बोलणी मोडीत काढल्यावर टॉमस मॉरिसने सेनेका स्त्रियांकडे मोर्चा वळवला आणि भेटवस्तू व आश्वासने देऊन त्यांची संमती मिळवली. ज्या समाजव्यवस्थेत जमीन कसणाऱ्या स्त्रियांचा शब्द वजनदार होता, त्याच व्यवस्थेचा असा उपयोग करून घेण्यात आला, ही या तहातील सर्वांत कडू गोष्ट म्हणावी लागेल.

तहात सेनेकांसाठी काही राखीव टापू ठेवण्यात आले. मेरी जेमिसननेही गार्डोची मागणी केली आणि आपल्या तुकड्याच्या सीमा नदी, ओढे व खुणांच्या आधारे सांगितल्या. समोरच्या पक्षाची समजूत अशी झाली की, हे काही शे एकरांचे शेत असावे. मोजणी झाली तेव्हा ते १७,९२७ एकर निघाले. उद्यानाच्या मधल्या भागातील बरीच घळ त्यात येत होती. तथापि ही मालकी टिकली नाही. गोरे शेतकरी आजूबाजूला दाटू लागले, तिच्या एका मुलाने आपल्या दोन भावांचा खून केला आणि तो स्वतःही पुढे मारला गेला, जमिनीचे व्यवहार करण्यासाठी तिला कायद्याने अमेरिकन नागरिक करून घेण्यात आले, आणि १८२३ मध्ये तिने टापूचा बहुतेक भाग विकून टाकला. १८२६ मध्ये जेनेसीकाठचे उरलेले सेनेका टापूही एका जमीन कंपनीच्या पदरात पडले. हा करार अमेरिकेच्या सिनेटने कधीच मंजूर केला नाही, पण त्यामुळे जमीन परत मिळाली नाही. मेरी जेमिसन १८३१ मध्ये बफेलो शहराजवळच्या टापूत राहायला गेली आणि दोन वर्षांनी तेथेच वारली.

सेनेका गेल्यानंतरची चार दशके या घळीच्या दृष्टीने सर्वांत विध्वंसक होती, आणि प्रवासी माहितीपत्रकांत त्यांना सर्वांत कमी जागा मिळते. धबधब्यांच्या पाण्यावर लाकूड कापण्याच्या गिरण्या चालू लागल्या आणि काठावरील पांढऱ्या पाइनचे उंच वृक्ष त्यांच्या करवतीखाली गेले. त्याच सुमारास रोचेस्टर येथील एरी कालव्यापासून दक्षिणेकडे ऑलियनपर्यंत जाणारा जेनेसी व्हॅली कालवा खणण्याचे काम राज्याने हाती घेतले. कालव्याला मैदानात अडचण नव्हती. पण घळीजवळ त्याला शेकडो फूट चढून जावे लागत असे, आणि त्यासाठी लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या आणि पाणी भरून किंवा सोडून होडीची पातळी बदलणाऱ्या कोठ्या, एकामागून एक बांधाव्या लागल्या. पोर्टेज येथे डोंगरातून हजार फुटांहून अधिक लांबीचा बोगदा काढण्याचा प्रयत्न झाला; परंतु शेलचे पापुद्रे सतत ढासळत राहिल्याने तो सोडून देऊन कड्याच्या पोटातूनच कालवा न्यावा लागला. अशा रीतीने अफाट खर्चाने बांधलेला हा कालवा १८५० च्या दशकात ऑलियनला पोहोचला, तेव्हा रेल्वे आधीच आली होती. १८७८ मध्ये तो बंद झाला. होड्या ओढणारी जनावरे ज्या काठाच्या वाटेने चालत, तीवर पुढे रूळ टाकले गेले, आणि रूळही निघाल्यावर आता तीच वाट पायी व सायकलने फिरणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे.

याच कालव्याच्या निमित्ताने १८३९ मध्ये टॉमस कोल हा चित्रकार घळीत आला. हडसन रिव्हर पंथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकन भूदृश्याला चित्रकलेत मानाचे स्थान देणाऱ्या परंपरेचा तो प्रवर्तक. त्याला येथे बोलावणारे सॅम्युएल रगल्स हे कालव्याचे आयुक्त होते, आणि पोर्टेजच्या धबधब्याचे त्याने काढलेले चित्र तेव्हाचे गव्हर्नर विल्यम सूअर्ड यांच्याकडे गेले. दृश्य रंगवणारा कलावंत आणि ते दृश्य फोडणारा कंत्राटी कारभार एकाच निमंत्रणाने एकत्र यावेत, यात त्या पिढीला काहीच विसंगत वाटत नव्हते.

रेल्वेने वरच्या धबधब्यावर १८५२ मध्ये जो पूल बांधला, तो संपूर्ण लाकडी होता. सुमारे २३४ फूट उंच आणि ८०० फूट लांब असलेल्या या पुलासाठी सुमारे तीनशे एकरांवरील पाइनची झाडे लागली, आणि त्याची रचना अशी केली होती की, कोणतीही कुजलेली तुळई बाकीचा पूल न हलवता काढून बदलता यावी. तो पाहण्यासाठीच लोक येऊ लागले. म्हणजे घळीतील पर्यटनाचे पहिले मोठे आकर्षण धबधब्याइतकेच हा पूलही होते. लाकडी पुलाला आगीची भीती होतीच. ६ मे १८७५ रोजी तो जळून खाली आला, आणि त्याच वर्षी ३१ जुलैला त्याच ठिकाणी लोखंडी पूल वाहतुकीला खुला झाला. तीन महिन्यांच्या आत इतक्या उंचीवरचा पूल उभा राहतो, यावरून रेल्वे कंपन्यांना वेळेची किंमत किती कळत होती हे समजते.

विल्यम प्रायर लेचवर्थ हे बफेलोचे व्यापारी. घोड्याच्या खोगिराचे व साजाचे लोखंडी सामान बनवणाऱ्या कारखान्यात ते भागीदार होते. क्वेकर, म्हणजे साधेपणा व अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, घरात १८२३ मध्ये जन्मलेल्या या अविवाहित उद्योगपतीने १८५८ मध्ये घळ पाहिली आणि दुसऱ्या वर्षी मधल्या धबधब्याजवळची जमीन विकत घेतली. तेव्हा ती जागा देखणी नव्हती. झाडे कापलेली, खुंट उरलेले आणि गिरणीची लाकडे पडलेली अशी ती होती. धबधब्याच्या तुषारांत उमटणाऱ्या इंद्रधनुष्यावरून त्यांनी आपल्या बंगल्याला ग्लेन आयरिस हे नाव दिले, बागकामाच्या जाणकाराकडून आराखडा करून घेतला, हजारो झाडे लावली आणि तुकड्या-तुकड्यांनी जमीन घेत सुमारे एक हजार एकर क्षेत्र आपल्या ताब्यात आणले. १८७३ मध्ये व्यवसायातून निवृत्त होऊन ते राज्याच्या धर्मादाय मंडळावर गेले. अनाथ व गरीब मुलांना प्रौढ भिकाऱ्यांबरोबर एकाच गरीबखान्यात कोंडण्याची प्रथा मोडण्यात आणि मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांची निगा सुधारण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. हे काम त्यांच्या उद्यानापेक्षा अधिक महत्त्वाचे होते असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज खोडता येणारे नाही.

लेचवर्थ यांना सेनेकांच्या भूतकाळाची ओढ होती. घळीच्या दक्षिणेस कॅनिआडिया येथे एका जुन्या सेनेका सभागृहाची लाकडी इमारत मोडकळीस आली होती. ती त्यांनी विकत घेऊन ओंडका-ओंडका सुटा करून आपल्या जमिनीवर पुन्हा उभारली. १ ऑक्टोबर १८७२ रोजी तेथे सभा भरवण्यात आली. रेड जॅकेट, मोहॉक नेता जोसेफ ब्रँट आणि मेरी जेमिसन यांचे नातू तिला हजर होते, माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर पाहुणे म्हणून आले होते, आणि स्वातंत्र्ययुद्धापासून दुरावलेल्या सेनेका व मोहॉक घराण्यांच्या वंशजांनी तेथे समेट केला. जेनेसीवरची शेवटची सभा असे तिचे नाव रूढ झाले. दोन वर्षांनी मेरी जेमिसनचे अवशेषही, बफेलो येथील कबरस्तान धोक्यात आल्यामुळे, नातलगांच्या संमतीने येथे आणून पुरण्यात आले. तिचा बाळ पाठीवर घेतलेला ब्राँझचा पुतळा १९१० मध्ये बसला.

या सर्व प्रकाराकडे कृतज्ञतेने पाहणे सोपे आहे आणि उपहासाने पाहणे त्याहून सोपे. दोन्ही अपुरे ठरते. इमारत तेथे हलवली नसती तर तिचे लाकूड कोठेतरी जळून गेले असते, आणि आलेल्या वंशजांनी सभेला खेळ न मानता आपला विधी मानले. तरीही, ज्या लोकांची जमीन अर्ध्या शतकापूर्वी संपवली गेली, त्यांची आठवण एका खासगी मालकाच्या बागेत, मालकाने ठरवलेल्या जागी, शेवटची हे विशेषण लावून प्रतिष्ठित झाली. सेनेका राष्ट्र तेव्हाही संपले नव्हते आणि आजही न्यूयॉर्क राज्यात आपल्या भूमीवर आहे. उद्यानाच्या इतिहासफलकांत हा मुद्दा जितका ठळक हवा तितका दीर्घकाळ नव्हता.

लेचवर्थ यांनी जमीन राज्याला का दिली, याचे उत्तर औदार्यापुरते मर्यादित नाही. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या रोचेस्टरच्या पीठगिरण्यांना व कारखान्यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडे आणि वसंतात बर्फ वितळल्यावर पूर येई. १८६५ च्या पुराने शहराचे मोठे नुकसान केले होते. पोर्टेज येथे धरण बांधून दोन्ही प्रश्न सोडवावेत ही कल्पना शतकाच्या अखेरीस जोर धरू लागली, आणि १८९८ मध्ये जेनेसी रिव्हर कंपनीला त्यासाठी सनद मिळाली. जलविद्युत हे त्यातील नवे प्रलोभन होते. धरण झाले असते तर नदीचा प्रवाह गिरण्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे सुटला असता आणि धबधबे उन्हाळ्यात कोरडे दिसले असते. वृद्ध, आजारी आणि वारस नसलेल्या लेचवर्थ यांना हे माहीत होते की, आपल्या मृत्यूनंतर खासगी मालमत्ता कंपनीपुढे टिकणार नाही. म्हणून त्यांनी हजार एकर राज्याला दान केले, हयातीपर्यंत राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला, आणि देखभाल अमेरिकन सीनिक अँड हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन सोसायटी या संस्थेकडे असावी अशी अट घातली. धरणाच्या बाजूच्या मंडळींनी विरोध करूनही विधिमंडळाने दान स्वीकारले आणि जानेवारी १९०७ मध्ये गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी कायद्यावर सही केली. लेचवर्थ १ डिसेंबर १९१० रोजी वारले. दानपत्राचा मसुदा हा या उद्यानाचा खरा पाया होय. त्यात अटी नसत्या, तर राज्यानेच पुढे धरणाला वाट करून दिली असती अशी शक्यता नाकारता येत नाही.

पुढच्या तीस वर्षांत राज्याने उत्तरेकडे जमीन घेत उद्यान अनेक पटींनी वाढवले. १९३३ नंतर मंदीच्या काळात सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर, म्हणजे बेकार तरुणांना वनसंवर्धनाच्या कामावर लावणारी केंद्रीय योजना, येथे आली. महिना ३० डॉलर मजुरी, त्यांतील २५ घरी पाठवण्याची सक्ती, आणि लष्करी शिस्तीच्या छावण्या अशी तिची पद्धत होती. कड्याच्या कडेने जाणाऱ्या दगडी भिंती, पायऱ्या, रस्ते, लाकडी केबिन आणि रोपलेली झाडी ही मुख्यतः त्या तरुणांची कामगिरी आहे. नैसर्गिक वाटावे म्हणून मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला तो दगड स्थानिक खाणींतला असल्याने प्रवाशाला तो कड्याचाच भाग वाटतो.

धरणही अखेर आले, पण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या हेतूने. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याखाली लष्कराच्या अभियंता दलाने उद्यानाच्या उत्तर टोकाशी, माउंट मॉरिस येथे, १९४८ ते १९५२ या काळात २३० फूट उंच व हजार फुटांहून लांब असे काँक्रीटचे गुरुत्व धरण, म्हणजे केवळ स्वतःच्या वजनाने पाणी अडवणारे धरण, बांधले. त्याच्यामागे कायमचा जलाशय नाही. एरवी नदी तळच्या दारांतून मुक्त वाहते आणि पुराच्या वेळीच दारे कमी उघडून पाणी घळीत साठवले जाते. त्यामुळे धबधबे वाचले. परंतु सेंट हेलेना ही घळीच्या तळाची, आधीच ओस पडत चाललेली वस्ती संपली आणि तिच्या कबरस्तानातील कबरी हलवाव्या लागल्या. गार्डोची गाळजमीनही पुराच्या साठ्याखाली जाऊ शकणाऱ्या पट्ट्यात आली. जून १९७२ मध्ये अॅग्नेस वादळाच्या पावसाने साठा सांडव्याच्या पातळीजवळ पोहोचला, आणि पाणी सांडव्यावरून अनियंत्रित वाहू नये म्हणून अभियंत्यांना दारे उघडून खालच्या गावांना पूर येत असतानाच विसर्ग वाढवावा लागला. तरी धरण नसते तर रोचेस्टरची हानी कितीतरी पट झाली असती, यावर अभियंत्यांमध्ये दुमत नाही.

या इतिहासाचा उद्यानातील वन्यजीवनाशी थेट संबंध आहे. पुराच्या पट्ट्यात कायमची इमारत उभी करता येत नसल्याने घळीच्या तळाशी माणसाची ये-जा कमी राहते, आणि तंबू टाकण्याच्या सुमारे २७० जागा असलेला हायबँक्स हा तळ नावाप्रमाणेच वरच्या काठावर आहे. पांढऱ्या शेपटीची हरणे, रानटर्की, बीव्हर आणि कड्यांच्या उष्ण हवेवर घिरट्या घालणारी टर्की गिधाडे सहज दिसतात. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक हा विषारी सापही तुरळक आहे. त्याचे राज्यभर संरक्षण असल्यामुळे तो दिसल्यास त्याला मारण्याऐवजी वाट सोडावी लागते. पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल मात्र परत आणावा लागला. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात त्याचे एकच वापरातले घरटे उरले होते, आणि ते जेनेसीच्याच उपखोऱ्यातील हेमलॉक सरोवरावर होते. १९७६ पासून बाहेरून आणलेली पिल्ले, त्यांतील बहुतेक अलास्कातील, कृत्रिम मचाणांवर वाढवून सोडण्यात आली. त्यानंतर पक्षी पुन्हा पसरला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम न्यूयॉर्कच्या नद्यांत पाणमांजरेही राज्याच्या पूर्वेकडील डोंगरांतून पकडून आणून सोडण्यात आली. म्हणजे येथील काही प्राणी, येथील काही झाडे आणि सभागृह यांच्यात एक साम्य आहे: ती दुसरीकडून आणून तेथे बसवलेली आहेत.

१८७५ चा लोखंडी पूल एकविसाव्या शतकापर्यंत वापरात होता. परंतु गाड्यांना त्यावरून अतिशय संथ जावे लागे आणि आधुनिक मालगाड्यांचे वजन त्याला पेलवेना. नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीने शेजारीच पोलादी कमानीचा नवा पूल बांधून डिसेंबर २०१७ मध्ये तो सुरू केला. जुना पूल पायी फिरणाऱ्यांसाठी ठेवता येईल का, याची चर्चा झाली होती; पण देखभालीचा आणि अपघाताच्या जबाबदारीचा भार प्रश्न होऊन राहिला, आणि २०१८ मध्ये तो उतरवण्यात आला. जुन्या पुलाचे मनोरे घळीच्या तळाशी उभे होते; नव्याची कमान थेट दोन्ही कड्यांवर टेकते. त्यामुळे वरच्या धबधब्याचे आजचे दृश्य लेचवर्थ यांनी किंवा कोल यांनी पाहिलेले नाही.